तिच्या दंडावरच्या शाईच्या रेघा

ओळखलं मी होतं. हे आधी लिहून ठेवतो, कारण आमच्या पट्टीत आजही विचाराल तर कोणी माझं नाव घेणार नाही. कोणी म्हणेल डॉक्टरनं वाचवलं, कोणी म्हणेल मंत्रानं साप उतरवणाऱ्या म्हाताऱ्यानं विष धरून ठेवलं म्हणून डॉक्टरला जमलं. त्या दोघांच्या मधे मी नुसता बैलबंडी हाकणारा.

आमचं गाव अर्जुनीकडचं. तलावाच्या पाळीवर उभं राहिलं की प्रतापगडाचा डोंगर दिसतो. आमच्या घराण्यात माझ्या आधी सहीपलीकडे कोणी काही लिहिलेलं नव्हतं. मी नागपूरला वसतिगृहात राहून बी.ए. झालो. पाच गावांत पहिला. निकाल कळला त्या दिवशी बाबांनी गूळ वाटला. गूळ तोंडात टाकून एका शेजाऱ्यानं विचारलं, "मंग आता तू कोन्त्या रोगाचं औषध देशील गा?"

मी म्हणालो, "मी डॉक्टर नाही झालो, बी.ए. झालो."

"मंग काऊन शिकला इतका?"

हा प्रश्न शेजाऱ्याला पडायचं कारण म्हणजे गावातला दुसरा शिकलेला, तो डॉक्टर. आम्ही दोघं एका वर्गात. मॅट्रिकपर्यंत दर परीक्षेत मी पहिला आणि तो दुसरा. हे मी सांगतो म्हणून नाही, शाळेत कोणालाही विचारा. पण त्याचे वडील मालगुजार. त्याला वैद्यकीच्या शाळेत घातलं, चार वर्षांनी तो पदविका घेऊन आला, गोंदियात स्टेशनापासून थोड्याच अंतरावर दवाखाना टाकला आणि डॉक्टरसाहेब झाला. माझी पदवी, त्याची पदविका. पण गावच्या शाळेत शिकवणाऱ्या पदवीवाल्याला लोक 'मास्तर' म्हणत आणि पुढे निघून जात. पदविकेवाला रस्त्यानं निघाला की पानाच्या ठेल्यावरची माणसं उठून उभी राहत. मला ते झोंबायचं. का झोंबू नये?

आणखी एक गोष्ट होती, ती जास्त झोंबायची. माझी बायको आधी त्याला दाखवली होती. त्याच्या घरची माणसं तिच्या गावी जाऊन, चहापाणी घेऊन आली होती. मग ते बोलणं मोडलं. का मोडलं, त्यांनी नाही म्हटलं की हिच्या घरून नाही आलं, की हिनंच मान हलवली, हे मी कधी विचारलं नाही. विचारलं असतं तर उत्तर आलं असतं, आणि उत्तर कोणतंही आलं असतं तरी मला ते पचलं नसतं. माझ्या लग्नात तो जेवायला आला आणि वाढणाऱ्याला म्हणाला, "बी.ए.च्या पानात जास्त वाढ रे, त्याला सगळीकडे पहिला नंबर लागतो." सगळी पंगत हसली. मी बघितलं, मुंडावळ्यांआडून हीसुद्धा हसली होती.

लग्नानंतर मी तिला अक्षरं शिकवायला घेतली. सुटीच्या दिवशी दुपारी सासूचा डोळा लागला की ती पाटी घेऊन बसायची. दोन-चार अक्षरं गिरवून झाली की म्हणायची, "हे कोनाले दाखवायचं हाय मले?" आणि पाटी पुसून चुलीकडे जायची. तरी मी सोडलं नव्हतं.

ते दुसऱ्या महायुद्धाचे दिवस होते. धानाची कापणी चालू होती आणि तलावात शिंगाडे निघत होते. हिरवे, ओले, दोन बाजूंना शिंगं असलेले. त्या शिंगांच्या टोकाचा काटा सुईसारखा असतो आणि वर तलावाचा गाळ. संध्याकाळी ती अंगणात शिंगाडे सोलत बसली होती, मी समोरच वाचत होतो. एकदम तिनं उजव्या हाताचं बोट तोंडात घातलं.

"टोचलं?"

"काई नाई. मोडला काटा." तिनं केसातली पिन काढून नखाच्या कडेतून तो उकरला आणि पुढचा शिंगाडा घेतला.

दुसऱ्या दिवशी बोट सुजलं. त्या बोटानं तिनं विळा धरला आणि दिवसभर धान कापलं. त्याच्या पुढच्या दिवशीही गेली. कापणीत घरची सून घरी बसली तर शेजारणी तोंडावर विचारतात, तिथं सुजलेल्या बोटाचं काय कौतुक.

दुपारची सुटी झाली म्हणून मी शाळेतून आलो, तर अंगणात गर्दी. तिला बांधीवरून, म्हणजे धानाच्या शेतातून, बंडीत घालून आणलं होतं. भिंतीला टेकवून बसवलं होतं, अंगावर घोंगडी आणि तरी दात वाजत होते. दंडावर सुतळीचे दोन फास करकचून बांधलेले. समोर साप उतरवणारा म्हातारा मांडी घालून पुटपुटत होता. एक बाई तिच्या गालावर चापट्या मारत होती, झोपू देऊ नये म्हणून.

"काय झालं?"

बाबा म्हणाले, "पान लागलं." आमच्याकडे साप चावला असं तोंडानं म्हणत नाहीत, पान लागलं म्हणतात.

"कोणी पाहिला?"

"सकारी भाऱ्याखाली नाग निंगाला. सगळ्यायनं पायला. ही तिथंच होती कापत. मंग हे अशी झाली."

"चावताना पाहिला का?"

"तुया कॉलेजात साप पढवत होते काय?" बाबा चिडले. "निंबाचा पाला देला तिले. गोड लागते म्हनते!"

आमच्या भागातली ही परीक्षा. कडुनिंबाचा पाला चावायला द्यायचा. कडू लागला तर भीती नाही, गोड लागला तर सापाचं विष भिनलं. तिच्या ओठांच्या कडेला हिरवा रस होता. मी खाली बसून विचारलं, "कसा लागला पाला?"

ती माझ्याकडे बघून म्हणाली, "बाबा, बैल सोडा ना आता. उन्ह झालं."

मला तिनं तिचा बाप समजलं होतं. ती चावत होती ते तिला कळतच नव्हतं, तर कडू-गोड काय कळणार? अंगात इतका ताप असलेल्या माणसाला साखर दिली तरी माती लागते. पण पाल्यानं निकाल दिला होता आणि अंगण त्या निकालावर बसलं होतं.

मी तिचा हात उजेडात घेतला. बोट नखापाशी पिवळं, ताणलेलं, भोवती काळपट लाल. हाताची पाठ फुगलेली. आणि मनगटाच्या आतून एक लाल रेघ निघून कोपराकडे गेली होती, कुंकवाच्या बोटानं ओढावी तशी. काखेत दाबलं तर ती कण्हली. तिथं गाठ होती.

ही रेघ मी आधी पाहिली होती. नागपूरला वसतिगृहात माझ्या शेजारच्या खोलीत एक मुलगा होता. पायाला चपलेचा फोड आला होता, तो फोडला आणि विसरला. मग त्याच्या पोटरीवरून अशीच रेघ चढली, थंडी वाजली, श्वास धापा टाकल्यासारखा, बोलणं भलतंच. आम्ही त्याला हिवताप समजून क्विनीन देत बसलो. डॉक्टर आले तोपर्यंत त्याचे पाय गार पडले होते. तो गेला. त्या डॉक्टरांनी आम्हा पोरांना उभं करून सांगितलं होतं की हे रक्तात विष गेलं. जखम लहान असते, म्हणून माणूस हसतो आणि मरतो. थंडी वाजून ताप, नाडी पळते, श्वास पळतो, बोलणं सुटतं. यातलं काही जखमेच्या मागून आलं तर थांबायचं नाही. ते मी विसरलो नव्हतो.

मी कोनाड्यातून दौत आणि टाक आणला आणि लाल रेघ जिथं संपत होती तिथं तिच्या हातावर शाईनं आडवी रेघ मारली.

"हे काय लावून राहिला?" म्हाताऱ्यानं मंत्र थांबवून विचारलं.

"तुमचं चालू द्या."

त्याचा एक मंत्र संपून दुसरा चालू झाला तेवढ्यात लाल रेघ शाईच्या पुढे गेली होती. मी दुसरी रेघ मारली. "बाबा, बघा. चढतंय."

"चढतेच ना! म्हनून तर बांधलं." बाबांनी म्हाताऱ्याकडे बघितलं. म्हाताऱ्यानं मान डोलावली. माझाच पुरावा त्यांच्या बाजूनं उभा राहिला. इतिहासात बी.ए. झालेल्या माणसानं अशा वेळी काय करावं, हे कोणत्याच पेपरात नव्हतं.

मी म्हणालो, "हा शिंगाड्याचा काटा आहे. माझ्यासमोर टोचला."

"काट्यानं मानूस असा होते काय?"

"तिच्या अंगाला हात लावून बघा. भाजेल."

हे बोललो आणि चूक लक्षात आली. बाबा सासरे. आमच्यात सासरा सुनेला हात लावत नाही. तिची सावलीसुद्धा टाळून बाजूनं जातो. म्हातारासुद्धा चार हात दूर बसला होता. सुतळी बांधली ती बाईनं. माझ्याशिवाय तिच्या अंगाला हात लावून बघितलेला एकही पुरुष त्या अंगणात नव्हता, आणि निकाल सगळे पुरुष देत होते. मी आईला हाक मारली. ती स्वयंपाकघराच्या दारात तोंडाला पदर लावून उभी होती.

"आई, तू लाव हात."

आईनं येऊन सुनेच्या कपाळाला हात लावला. मग पोटाला. मग परत कपाळाला. तिचा चेहरा बदलला.

"आगीवानी हाय वं ही," ती म्हणाली. "माया भावाले पान लागलं होतं ना, तो गार पडला होता. तळहातात घाम अन् गार. मीच मांडीवर घेऊन होती." तिनं बाबांकडे बघितलं, आणि नवऱ्याला चारचौघांत ती जे कधी बोलली नव्हती ते बोलली, "न्या हिले. बंडी जुंपा."

म्हातारा उठला. जाताना म्हणाला, "सुतळी सोडाल तर माया नावावर नाई."

मी विळ्यानं सुतळी कापली. हात निळा पडत आला होता. बंडीत पेंढा घातला, आईला सोबत घेतलं आणि आम्ही स्टेशनाकडे निघालो. हात उंच राहावा म्हणून आईनं तो स्वतःच्या खांद्यावर धरला. मधे मधे बैल थांबवून मी पाणी पाजत होतो. अर्धं सांडत होतं.

छोट्या लाईनची गाडी किती हळू असते हे त्या दिवशी कळलं. प्रत्येक स्टेशनावर इंजिन पाणी पिऊन, गप्पा मारून निघाल्यासारखं निघत होतं. दौत-टाक मी सोबत घेतला होता, रेघा मारत होतो. कोपराच्या वर एक. दंडावर एक. घामानं शाई पसरत होती, तरी दिसत होती. समोर एक व्यापारी बसला होता. त्यानं आईला विचारलं, काय झालं, आणि मग मला म्हणाला, "मास्टरजी, सीधे उन्हीं के पास ले जाइए. आजकल वो नई गोली सिर्फ उन्हीं के यहाँ मिलती है." आणि त्यानं त्या डॉक्टरचं नाव घेतलं.

मी वाट बघत होतो की डब्यात कोणी दुसरं नाव घेईल. एक म्हातारी म्हणाली, "होय बापा, हात गुनाचा हाय त्याचा." खिडकीजवळचा एक पोलीस म्हणाला, "मायी बायको त्यायनंच बरी केली." साऱ्या डब्यानं त्याच्या बाजूनं मत दिलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. माझ्या मांडीवर बायकोचं डोकं होतं, श्वास भाता चालावा तसा चालला होता, आणि अशा वेळीसुद्धा मला ते नाव ऐकवत नव्हतं. खरं ते लिहितो. पण गाडीतून उतरल्यावर मी टांगेवाल्याला दुसरा कुठलाही पत्ता सांगितला नाही, हेही खरं.

दिवेलागणीला पोचलो. तो जेवायला बसला होता, हात धुऊन बाहेर आला. "अरे, बी.ए.!" आणि मग त्यानं तिला बघितलं. गप्प झाला. किती गप्प झाला ते माझ्या मनानं मोजलं, आणि तो गप्पपणा मला नको तेवढा लांब वाटला. मग म्हणाला, "वहिनींना आत घ्या."

त्यानं नाडी बघितली. श्वास बघितला. पापणी उचलली. आईला विचारलं, "लघवी झाली का सकाळपासून?" आई म्हणाली, नाही. त्यानं दिवा जवळ घेतला आणि दंडावर बघितलं. शाईच्या एकेका रेघेवरून त्याचं बोट वर गेलं.

"हे कोणी केलं?"

"मी."

"कधीपासून?"

"दुपारपासून. पहिली मनगटाच्या वर. मग..."

"दिसतंय," तो म्हणाला, आणि कंपाउंडरला हाक मारून सुरी उकळायला सांगितली.

बोट त्यानं कडेनं उभं कापलं. मी तिचा खांदा दाबून धरला होता. पू आला, त्यात त्या काट्याचं तुटलेलं टोक. मग मीठ घातलेल्या गरम पाण्यात हात, मग पट्टी, मग हात वर दोरीनं अडकवलेला. आणि त्या गोळ्या. सल्फाच्या. सोड्याबरोबर, तांब्या तांब्या पाण्याबरोबर द्यायच्या, लघवी होत राहिली पाहिजे, त्याचं लक्ष ठेवायचं. आई त्याला म्हणाली, "बापा, आता तुयाच हातात हाय." मी बी.ए. झालो तेव्हा आईनं माझ्यावरून लिंबू ओवाळून टाकलं होतं. हे वाक्य मला कधी म्हटलं नव्हतं.

आम्ही त्याच्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत राहिलो. तो येऊन जाऊन बघायचा. जेवणाआधी, जेवणानंतर, बाहेर रोगी खोळंबलेले असताना. इतर कोणाला तो इतका बघतो का, याचा मी हिशेब लावत बसायचो. कंपाउंडरला मी एकदा विचारलं, "साहेब सगळ्यांना असं बघतात?" तो म्हणाला, "सीरियस केस में देखते हैं, मास्टरजी." सीरियस. गोळ्या मी देत होतो, पाणी मी पाजत होतो, तरी ती डोळे उघडायची तेव्हा नेमका तो समोर असायचा.

लाल रेघ आधी थांबली. माझ्या शेवटच्या शाईच्या रेघेला लागून थांबली आणि मग फिकट होत गेली. एका सकाळी तिला घाम सुटला, आणि ती आईला म्हणाली, "आई, धान कापून झालं का?" आईनं पदर डोळ्याला लावला. डॉक्टर दारातून म्हणाला, "आता भूक लागेल बघा." ती हसली. मी खिडकीकडे गेलो.

परतीच्या दिवशी तो स्टेशनावर आला. आई आणि ती बायकांच्या डब्यात चढल्या. इंजिन शिटी मारत होतं तेव्हा तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "ऐक. आधी बोट पिकू द्यायचं, मग कापायचं, अशी आमची पद्धत. मी सकाळपर्यंत थांबलो असतो. तुझ्या त्या रेघा बघितल्या, किती झपाट्यानं चढतंय ते दिसलं, म्हणून तेव्हाच कापलं. आणि सुतळी तशीच राहिली असती तर हात गेला असता."

"हे आईला येऊन सांग," मी म्हणालो. "गावात येऊन सांग. बाबांना सांग."

तो हसला. "बी.ए., तू अजून पहिल्या नंबरातच अडकलाय काय रे?"

गाडी सुटली. साक्षीदार कोणी नाही. मी आईला ते सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "चांगला हाय गा पोरगा. मोठेपना नाई त्याले." म्हणजे तेही त्याच्याच खात्यात गेलं.

गावात काय झालं ते सुरुवातीला लिहिलंच आहे. म्हातारा महिनाभर सांगत होता की दंडाच्या वर विष गेलं नाही ते कोणामुळे. बाबा त्याला एक शेला देऊन आले. दर उन्हाळ्यात तो डॉक्टर आमच्याकडे आमरसाला येऊ लागला, आणि दर वेळी पानावर बसायच्या आधी म्हणायचा, "वहिनी, बोट दाखवा." ते बोट पूर्ण वाकत नाही, त्यावर नखापासून खाली त्याच्या सुरीचा पांढरा वण आहे. ती हात पुढे करायची. तो बोट वाकवून बघायचा. त्याला बघायलाच पाहिजे होतं असं नाही. माझ्या मते पहिल्या वर्षानंतर काही गरज नव्हती.

एका वर्षी तो जेवून गेल्यावर माझ्यानं राहवलं नाही. ती भांडी घासत होती. मी म्हणालो, "त्याची सुरी लागली तेव्हा फार दुखलं होतं का?"

"कोन्ती सुरी?"

"बोट कापलं ती."

"मले काय मालूम? मले तर काई याद नाई. काटा टोचला ते याद हाय. बांधीत चक्कर आली ते. मंग काईच नाई." ती राख घेऊन पातेलं घासत राहिली. मग थांबली. "एक याद हाय. हातावर काई तरी गार गार लागून राहिलं होतं, टोकदार. घडीघडी. मी मनात म्हनलं, हे मले एवढ्या तापात बी शिकवून राहिले काय? आता कोन्तं अक्षर हाय हे?"

"मग?"

"मंग काय? मी वाचाले पाहून राहिली होती. पन येवूनच नाई राहिलं."

मी तिथंच उंबऱ्यावर बसलो. ती मला म्हणाली, "असे काऊन बसले? पानी द्या ना इकडे." मी पाण्याची घागर नेऊन दिली.

पुढच्या उन्हाळ्यात तो आला आणि म्हणाला, "वहिनी, बोट." तिनं हात पुढे केला. मी आमरसाची वाटी त्याच्या पानात आपणहून जास्त भरली, आणि दुसरं पान त्याच्या आणि तिच्या मधे मांडून त्यावर स्वतः बसलो.